नानांनी मला बैलांबरोबर पळवलं

माझं वजन ब्याऐंशी किलो होतं आणि त्याबद्दल माझी स्वतःची काहीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती घरच्यांची, शेजाऱ्यांची आणि जुन्नरच्या बाजारात ज्याच्या दुकानापुढे वजनाचा काटा होता त्या माणसाची. (तो काटा माझ्यामुळे बिघडला नाही. तो आधीपासूनच बिघडलेला होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगते!)

पण त्या वर्षी मे महिन्यात माझी ऑर्डर आली आणि माझ्या वजनाचा घरात मोठा प्रश्न होऊन बसला. डी.एड. करून मी अकरा वर्षं घरी होते. दोन मुलं झाली, ती शाळेत जायला लागली, आणि आता कुठे सरकारी शाळेवर नेमणूक मिळाली होती. शाळा होती तळेघरच्या वरच्या एका वाडीत. एसटी तळेघरपर्यंत, पुढे दीड तासाचा उभा चढ. शाळा सुरू होईल त्या दिवशी अकराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द.

सासूबाईंनी ऑर्डर न वाचताच निकाल दिला.

"आगं, तुला माळ्याव चढताना धाप लागती. डोंगुर कशी चढनार? राजीनामा देऊन टाक."

"आधी हजर तरी होऊ द्या. हजर न होता राजीनामा कसला देतात?"

"आन् वाटंत काय झालं म्हंजी? पोरांना कोन बघंल?"

मला रडू आलं होतं, पण त्याहून जास्त राग आला होता. अकरा वर्षांनी हातात आलेला कागद हे लोक माझ्या कमरेकडे बघून काढून घेत होते! रागाच्या भरात मी जाहीर केलं, "महिन्यात वजन उतरवते आणि चालत वर जाते. बघाच तुम्ही!"

झालं, घरात दोन पक्ष पडले. आमच्या ह्यांनी पेपरच्या पुरवणीत वाचलं होतं की नुसतं पळायचं, पळाल्यावर चरबी जळते. धाकटे भाऊजी जुन्नरच्या व्यायामशाळेत जायचे. ते म्हणाले, "वहिनी, पळून कुनाचं भलं झालंय? वजनं उचला. अंगात ताकद आली की चरबी आपोआप पळती."

पहिला आठवडा ह्यांचा. सकाळी सहाला साडी खोचून, ह्यांचे कॅनव्हासचे बूट घालून मी रस्त्याला लागले. आमच्या गावाला सून विनाकारण पळताना बघायची सवय नव्हती. डेअरीला दूध घालायला निघालेला पहिलाच माणूस गाडी थांबवून म्हणाला, "वहिनी, यष्टी चुकली का? बसा मागं, म्होरच्या स्टॉपला गाठून देतो!"

"नाही हो भाऊ, मी सहज पळतेय."

"सहज कोन पळतंय व्हय? बसा, लाजू नका!"

शेवटी बसावं लागलं. आठवडाभर हेच. जाताना एक मोटारसायकल, येताना दुसरी. सात दिवसांत मी जेमतेम अर्धा किलोमीटर पळाले असेन आणि तालुक्यातले बहुतेक सगळे स्टॉप बघून आले.

दुसरा आठवडा भाऊजींचा. त्यांनी तेलाच्या दोन डब्यांत सिमेंट ओतून मधे पाइप घातला. तिसऱ्या दिवशी माझे हात खांद्याच्या वर जाईनात. वेणी घालता येईना, भाकरी थापता येईना. सासूबाईंनी माझी भाकरी उचलून चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि विचारलं, "हिची कड कुटंय?"

या पंधरा दिवसांत नाना, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसून नुसते बघत होते. नानांचा जन्म गाड्याच्या बैलांत गेला. आमच्याकडे जत्रेत बैलगाडे पळतात. चढाचं मैदान असतं, त्याला घाट म्हणतात. पुढे घोडी पळते, तिच्या मागे बैल. नानांची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. सोळाव्या दिवशी त्यांनी तळहातावरची तंबाखू झटकली आणि तोंड उघडलं.

"येडी हाये तुमी दोगं बी. बैल नुसता पळवला तर चढाला मोडतो. नुसता वढवला तर जड पडतो. एक दिस पळती, एक दिस वढती, तिसऱ्या दिशी आराम. सूनबाई, उद्यापासून माज्याकडं."

(पुढे कितीतरी वर्षांनी शहरातले फिटनेसवाले टीव्हीवर हेच सांगताना मी ऐकलं. त्यांना वाटतं शोध त्यांनीच लावला!)

पहिल्या दिवशी मी जोडीबरोबर कालव्याच्या कडेने पळाले. दुसऱ्या दिवशी कमरेला दोर बांधून पडीक रानात बाभळीचा ओंडका ओढला. तिसऱ्या दिवशी आराम. नाना बरोबर असल्यामुळे कोणी मोटारसायकल थांबवायची हिंमत केली नाही. दहा दिवसांत खरोखरच फरक पडला, माळ्यावर चढून आले तरी मला धाप लागेना. फक्त एक घोटाळा झाला. व्यायाम बैलांचा, तसा खुराकही बैलांचाच! खारीक, अंडी, दूध आणि गव्हाच्या पिठाचे तुपातले गोळे. मी कुरकुरले तर नाना म्हणाले, "कामाच्या जनावराला उपाशी ठेवत न्हाईत." त्यातला जनावर हा शब्द मी गिळला, कारण पाठोपाठ गोळाही गिळायचा होता. वजन झालं पंच्याऐंशी.

मग गावची जत्रा आली. चार दिवस आधी नाना जोडी घेऊन घाटात सरावाला गेले आणि मलाही नेलं. ऐन वेळी घोडी लंगडायला लागली. पुढे काहीतरी पळत असल्याशिवाय बैल पाय उचलेनात. नानांनी घोडीकडे बघितलं, बैलांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी तेव्हाच घरी निघून जायला हवं होतं.

"सूनबाई, आज तुजी पळतीच हाय ना? मंग तू म्होरं पळ. बैलांचा बी सराव व्हईल, तुजा बी."

"नाना, बैल सुटले तर?"

"आगं, दोर माज्या हातात हाय. दुडक्या चालीनं येत्यात."

आणि मी हो म्हटलं! (हसू नका. त्या क्षणी आम्हा दोघांनाही ते अगदी सोयीचं वाटलं होतं.)

मी पदर खोचून पळायला लागले. घाटाच्या माथ्यावर जत्रेची माणसं लाउडस्पीकर लावून बघत होती. माइकवाल्याला बैलांच्या पुढे काहीतरी पळताना दिसलं आणि सवयीने त्याने जोरात हाळी दिली, "भिर्रर्रर्र!"

ती हाळी ऐकल्यावर गाड्याचा बैल कोणाचं ऐकत नाही. दोर गेला एकीकडे, नाना पडले दुसरीकडे आणि जोडी माझ्या पाठीला लागली. घाट मी कसा चढले ते मला आठवत नाही. मागे खुरांचा आवाज आणि पुढे माइक, एवढंच आठवतं.

"आली, आली, आली! म्होरं नानांची सूनबाई, मागं नानांची जोडी! काय ती पळती राव! ओ पावणं, बाजूला सरका!"

माथ्यावर पोचले आणि एका उडीत माइकच्या टेबलावर चढले. टेबल मोडलं. बैल मात्र शर्यत संपल्यासारखे शांत उभे राहिले आणि माझ्याकडे बघत बसले.

त्या लाउडस्पीकरचं तोंड गावाकडे होतं. त्यामुळे सासूबाईंनी हा सगळा प्रकार घरात बसून ऐकला. मी घरी पोचले तर ह्यांनी सुंदर अक्षरात राजीनामा लिहून ठेवला होता.

"सही कर," हे म्हणाले.

"गावभर शोभा झाली," सासूबाई म्हणाल्या. "आता बास."

"शोभा झाली ती झाली! पण घाट चढले की नाही? बैलांच्या पुढे चढले!"

कोपऱ्यात नाना कोपराला हळद लावत बसले होते. ते हळूच म्हणाले, "चांगली हातभर म्होरं व्हती."

मी राजीनाम्याचे चार तुकडे केले आणि चुलीत घातले.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तळेघरला ओळखीच्यांकडे मुक्काम केला आणि सकाळी आठला चढायला लागले. पहिला अर्धा तास झकास गेला. थोडं भरभर, थोडं दमानं, अगदी नानांच्या पद्धतीने. मग खरा चढ सुरू झाला. मागून डोक्यावर नाचणीचं गाठोडं घेतलेली एक म्हातारी आली.

"बाय, कुनाकडं चाललीस?"

उत्तर द्यायला श्वास नव्हता, म्हणून मी नुसता हात वर केला. तिने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि दुप्पट वेगाने वर निघून गेली. मी एका दगडावर टेकले. थोड्या वेळाने वरून चार माणसं धावत आली. त्यांच्या खांद्यावर डोली होती, बांबूला घोंगडी बांधलेली. आजारी माणसाला डोंगरावरून खाली न्यायची ती डोली! वाटेत एक बाई शेवटच्या घटका मोजतेय, अशी बातमी म्हातारीने वाडीत दिली होती.

"बसा बाय, खाली दवाखान्यात न्हेतो."

"मला खाली नाही जायचं. वर जायचंय!"

"आजारी मानूस वर न्हेऊन काय करायचं?"

"मी आजारी नाही! मी शाळेची नवीन बाई आहे!"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. "मंग बसा, वर न्हेतो."

पाय थरथरत होते आणि घोंगडी मऊ दिसत होती. पण मी डोलीत बसले असते, तर ती बातमी संध्याकाळच्या एसटीने जुन्नरला पोचली असती आणि सासूबाई जन्मभरासाठी खऱ्या ठरल्या असत्या.

"मेले तरी चालतच येणार!" मी म्हटलं आणि उठले.

पुढे मी, मागे रिकामी डोली. मी श्वास घ्यायला थांबले की ते आशेने डोली खाली टेकवायचे. ते बघून मला संताप यायचा आणि मी परत चालायला लागायचे. असं करत वाडीत शिरलो तेव्हा अकराला पाच मिनिटं होती. सगळी वाडी शाळेपुढे उभी होती. शाळेतल्या जुन्या गुरुजींनी हजेरीपट पुढे केला. मी आडनावासकट पूर्ण नावाने सही केली, इतक्या जोरात की पेन कागदातून आरपार गेलं. डोळे भरून आले होते. ते पुसले आणि डोलीवाल्यांकडे वळून ठणकावून विचारलं, "पाहिलंत? लागली का तुमच्या डोलीची गरज?"

त्यांच्यातल्या थोराड माणसाने खांद्याच्या टॉवेलने घाम टिपला आणि हात जोडले.

"लई उपकार झाले बाई. तुमाला लांबून बघितलं, तवाच आमी आनखी चौघांना हाळी दिली व्हती."