"विष निघून राहिलं, वैनी"

"हे सापाचं विष नाही काकू, हे आमच्या औषधामुळे झालंय," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा मला धड श्वासही घेता येत नव्हता. तरी मनात आलं, ही बाई कबूल कशी काय झाली? आंधळगावात माझं किराणा दुकान आहे. "आमचाच माल बाधला" असं म्हणणारा व्यापारी मला आजवर भेटलेला नाही.

मी स्वभावानेच संशयी. गुळाची ढेप फोडून पाहिल्याशिवाय घेत नाही. आमचे हे म्हणतात, यमराज आला तरी ही आधी त्याचं आधार कार्ड मागेल.

झालं असं की दुकानामागच्या खोलीत रिकामी पोती उचलताना उजव्या हाताला घोणस चावली. दिराने साप पाहिला आणि लगेच "झाडून घेऊ" म्हणून झाडफूक करणाऱ्याचं नाव काढलं. त्या माणसावर माझा काडीचा भरवसा नाही, म्हणून मी दवाखान्यात चला म्हटलं. दवाखान्यावर फार भरवसा होता असंही नाही. दोघांत तो कमी संशयाचा वाटला, एवढंच.

भंडाऱ्याला पोचेपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. तिथे क्लॉटिंग टेस्ट केली. म्हणजे काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं तर ठीक, नाही गोठलं तर विष रक्तात भिनलंय. माझं गोठलं नाही. मग अँटी स्नेक व्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचा उतारा, सलाईनमधून सुरू केला. "काही वेगळं वाटलं तर लगेच हाक मारा," असं नर्स सांगून गेली.

थोड्या वेळात तळहात खाजायला लागले. मग पोटावर आणि मानेवर लाल गांधी उठल्या. मी त्या ह्यांना आणि दिराला दाखवल्या.

"विष निघून राहिलं, वैनी," दीर खूश होऊन म्हणाला. "निघू द्या. नर्सले सांगू नका. सुई देऊन आतच दाबून टाकतीन ते."

ह्यांनीही मान डोलावली. गोवर असो की कांजण्या, अंगावर निघालं की सुटलो, आत राहिलं की घात, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. मलाही पटलं. ज्याच्या त्याच्यावर संशय घेणारी मी, नेमका घ्यायचा तिथे घेतला नाही आणि अंग खाजवत गप्प पडून राहिले.

मग ओठ सुजले. घशात बोळा कोंबल्यासारखं झालं, छातीतून शिट्टी वाजायला लागली आणि खोली फिरली. ह्यांनी आरडाओरडा केला तेव्हा नर्स धावत आली. सलाईन बंद झालं, मांडीत इंजेक्शन बसलं, तोंडावर ऑक्सिजन आला. ते इंजेक्शन ॲड्रेनालिनचं होतं. त्याने पडलेला बीपी वर येतो आणि आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या होतात. मला जे झालं त्याचं नाव ॲनाफिलॅक्सिस. आपलं शरीर औषधालाच वैरी समजून असं चवताळतं की माणूस जायची वेळ येते.

श्वास मोकळा झाला. सुटले असं वाटलं, तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता तेच औषध पुन्हा सुरू करावं लागेल. या वेळी हळूहळू."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"पाहा वैनी, हे लोक मारून टाकतीन तुम्हाले," दीर म्हणाला. "चला घरी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचे डोळे भरलेले. "मले काहीच समजून नाही राहिलं वो," हे म्हणाले. "तूच सांग."

इकडे आड, तिकडे विहीर. मी बाईंना म्हटलं, "दुसऱ्या कंपनीचं द्या ना."

"कंपनी बदलली तरी घोडा तोच, काकू," त्या म्हणाल्या. हा उतारा घोड्याच्या रक्तापासून तयार करतात आणि माझ्या शरीराने तोच परका मानला, असं त्यांनी समजावून सांगितलं. या विषावर दुसरं औषध नाही. थांबलो तर रक्त गोठणार नाही आणि आतल्या आत कुठेही वाहू लागेल.

"कशावरून?" मी विचारलं.

त्या रागावल्या नाहीत. माझं ताजं रक्त नळीत घेऊन माझ्यासमोरच ठेवलं. वेळ झाल्यावर नळी माझ्या डोळ्यांपुढे तिरपी केली. आतलं रक्त पाण्यासारखं पुढेमागे गेलं.

मी फार घाबरले. तोंडातून कसंबसं निघालं, "लावा. पण तुम्ही इथून हलायचं नाही."

त्या खरंच हलल्या नाहीत. ॲड्रेनालिन भरून जवळ ठेवलं होतं. मी एकदा थेंबाकडे बघत होते, एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे, काही लपवतात का म्हणून. थेंब पडत राहिले आणि मी श्वास घेत राहिले. दुसऱ्या दिवशी नळीतलं रक्त गोठलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणावर अशी वेळ आली तर एक सांगते. जीव वाचला म्हणजे संपलं नाही. घरी आल्यावर मी तापाची गोळीसुद्धा जिभेखाली धरून थुंकायची. ह्यांनी चहा दिला तर विचारायची, यात काय टाकलं? आठवडाभराने ताप आला, सांधे धरले, पुन्हा पुरळ. दीर म्हणाला, राहिलेलं विष आहे. या वेळी मी त्याचं ऐकलं नाही, सरळ भंडारा गाठलं. त्याला सीरम सिकनेस म्हणतात. त्या परक्या रक्ताशी शरीराची उशिरा जुंपलेली भांडणं ती. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी मिटली. त्या गोळ्या खाताना मी बाईंना दहा प्रश्न विचारले आणि त्यांनी दहाही उत्तरं दिली.

माझा संशय गेला नाही. आता तो मनात कुढत न ठेवता तोंडाने विचारते, एवढंच.

पण गावात माझी गोष्ट वेगळीच फिरत होती. पानठेल्यावर दीर रंगवून सांगायचा, "सापानं नाही, दवाखान्याच्या सुईनं मरत होती वैनी." मी हसून सोडून द्यायची.

मग शेजारच्या शेवंताला शेतात घोणस चावली. मी पोचले तेव्हा तिचा नवरा झाडणाऱ्याची वाट बघत बसला होता आणि तिचा पाय फुगून आला होता.

"दवाखान्यात नाही नेत, काकू," तो म्हणाला. "तुमचं पाहिलं ना आम्ही."

माझ्या नावावर ही पोर मरणार होती.

"माझं पाहिलं ना? मग मी तुझ्यासमोर जिवंत उभी आहे, हेबी पाहून घे!" मी ओरडले. "गाडी काढ!"

गाडी निघेपर्यंत मी दार सोडलं नाही आणि सोबत गेले. दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. मला पाहून दचकल्या, "काकू, पुन्हा साप?"

"नाही बाई, आज तुमच्यासाठी गिऱ्हाईक आणलं," मी म्हटलं.

त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या शेवंताचा पाय बघायला वाकल्या होत्या. मला तेव्हा कुठे रडू आलं.