दोन सीड्यांमधला चहा

हेवा वाटला म्हणायला लाजायचं कशाला? वाटला. धाकट्या जावेनं घरात थिएटर मांडलं त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आमचं घर कुंभार पिंपळगावला. वर दीर-जाऊ, खाली आम्ही आणि सासूबाई. त्यांना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो. या घरात पिक्चरचा नाद आणला तो मी. माझ्या वडिलांचं वाटूरला सीड्या भाड्यानं द्यायचं दुकान होतं. दुकान बसलं त्याच साली माझं लग्न झालं, आणि रुखवतात लाडू-चकल्यांच्या शेजारी सीड्यांचा अख्खा खोका मांडला गेला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसू द्या. पुढं रोज दुपारी त्याच खोक्यातला पिक्चर मी आणि आत्याबाई पाहायचो.

एक पिक्चर दोन सीड्यांवर असायचा. पहिली संपली की टीव्ही गप्प. मग मी चहा ठेवायची आणि आत्याबाई बोलायला लागायच्या. लेकांपाशी कधी बोलल्या नाहीत, ते माझ्यापाशी. एकदा सांगत होत्या, लहानपणी भावाची चप्पल घालून मोसंबीच्या बागेतून पळाल्या, जत्रेतल्या तंबूत पिक्चर पाहायला. तिथं भावानं धरलं. गोष्ट तिथवर आली आणि कोणीतरी पाहुणे आले. राहूनच गेली.

त्याच आठवड्यात वर भिंतभर पडदा लागला. कोपऱ्या-कोपऱ्यात स्पीकर. दिरांनी सगळे पिक्चर एका डबीत भरून ठेवले. फोनवर बोट टेकवलं की सुरू. जाऊ माझ्यादेखत म्हणाली, "आत्याबाई, वर या की! काय त्या घासलेल्या सीड्या पाहून राह्यल्या!" आणि आत्याबाई निघाल्या. गुडघे दुखतात म्हणून देवळात जायचं टाळतात, पण जिना बराबर चढल्या.

ती दुपार मी नुसती भांडी आपटली. वरून असा दणदणाट, की छताचे पोपडे पडतात का काय. मग रोजच जायला लागल्या. मला पडद्याचं काही नव्हतं हो. पडदा जळो तिकडं. माझी म्हातारी पळवली तिनं, ते पोटात दुखत होतं.

मीही हट्टाला पेटले. नवऱ्याच्या खत-बियाण्याच्या दुकानात जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता, तो घरी आणवला. नवरा म्हणाला, "तुला काय करायचंय त्याचं?" म्हटलं, "तुम्ही खत विका." फोनवर व्हिडिओ बघून बघून शिकले. एकेक सीडी पदरानं पुसायची, कॉम्प्युटरमध्ये घालायची, पिक्चर उतरवून घ्यायचा. काही इतक्या घासल्या होत्या की कॉम्प्युटर नुसता घरघरायचा. त्यांच्यावर वडिलांच्या हातची अक्षरं होती. रडू आलं मला. शेवटी एका वायरीनं सगळं टीव्हीला जोडलं.

मग आत्याबाईंना ऐटीत बसवलं. म्हटलं, "आता आपल्याकडं बी वरच्यासारखं. सीडी बदलायला उठायचं न्हाई." जाऊ मुद्दाम खाली येऊन दारात उभी राहिली.

पिक्चर झकास चालू झाला, रंगात आला आणि ऐन मारामारीत थांबला. टीव्ही काळा. मी वायर हलवून पाहिली. दोन सीड्यांचे कॉम्प्युटरमध्येही दोन तुकडे उतरले होते, आणि ते जोडावे लागतात हे मला कुठं ठाऊक! जाऊ गालातल्या गालात हसली.

"च्या ठेव," आत्याबाई म्हणाल्या.

"थांबा, आत्ता लावते पुढचं."

"ठेव गं तू! वरचं मेलं मधी थांबतच न्हाई. माणसानं बोलायचं कधी?" आणि मांडी सैल करून म्हणाल्या, "तर भावानं धरलं मला..."

अगं बाई! तिथूनच! त्या दिवशी चहात मी साखर किती घातली मला कळलं नाही.

जाऊ चांगली वरमली होती. म्हणाली, "आत्याबाई, उद्यापासून मी बी मधी थांबवते. च्या करते. वर या."

माझा जीव टांगणीला. आत्याबाईंनी बशीतला चहा सावकाश संपवला. "मला जिना होत न्हाई," म्हणाल्या. "तूच येत जा खाली."

झालं! आता ती रोज येते. आत्याबाईंच्या शेजारी, माझ्या जागेवर बसते. पहिला तुकडा संपतो, मी चहा ठेवायला उठते, आणि इकडं आत्याबाई तिच्याशी बोलायला लागतात. दोघी खिदळतात. माझं आधण उतू जातं.

"अहो, मी येईस्तोवर थांबा की!" मी आतून ओरडते.

"तू च्याकडं बघ," आत्याबाई म्हणतात.