ऑटोवर राहिलेला पंप

बाळांनो, आज कपाट आवरताना तुमच्या आजोबांच्या कॅन्सरच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं, म्हणून ही तुमची आजी लिहिते आहे. ते पहिली गोळी घ्यायलाच तयार नव्हते. ओसरीवर उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास होता आणि मी औषधाचा कागद वाचत होते. “कायले इंग्रजी वाचून राह्यली? मले समजते असं सांग.” मी म्हटलं, पेशीवर वाढीचा निरोप स्वीकारणारं एक एन्झाइम असतं; तुमच्या फुफ्फुसात ते निरोप नसतानाही चालूच आहे, ऑटोवर राहिलेल्या पंपासारखं. पाणी नको असलं तरी विजेची लाइन आली की सुरू. ते हसले. “म्हंजे पानी साचून वावर चिबडलं म्हन की! अन् हे गोळी पंप बंद करते? आन पानी.” गोळीने काही वर्षं साथ दिली, मग तीही चालेना. त्या वर्षांत त्यांनी संत्र्याची कलमं लावली. यंदा पहिल्या तोडणीला घरचं माणूस म्हणून मी एकटीच उभी होते. झाडं सगळी जगली आहेत.