बाणाई बिल्डर्सचं कुलूप

बाणाई बिल्डर्सचा इतिहास कुणाला हवा असेल, तर त्यांच्या गंगापूर रोडच्या ऑफिसातली भिंत बघावी. शेठच्या खुर्चीमागे ओळीनं फोटो. प्रत्येक फोटोत पाटावर बसलेलं एक जोडपं, समोर सत्यनारायणाचा चौरंग, कलशाशेजारी नव्या घराची किल्ली, आणि कडेला हात जोडून उभे खंडेरावशेठ. एकाहत्तर सालचा पहिला फोटो काळापांढरा, पुढचे रंगीत. निवृत्ती पगारे त्या भिंतीवर कुठंच नाही. पण ब्याऐंशी सालापर्यंतच्या फोटोंतल्या एकूण एक घराचं दार बसवलंय त्यानंच.

खंडेरावशेठ देवळ्याचे, कांद्याचे व्यापारी. विंचूरच्या बाजारात हात चांगला बसला तसे ते नाशकात आले आणि गोजराबाई माळणीच्या गुलाबाच्या मळ्यातला निम्मा तुकडा घेऊन त्यांनी चार घरं उठवली. तेव्हा अंधार पडला की टांगेवाला तिकडे यायला का कू करायचा. एवढ्या लांब घर घ्यायला गिऱ्हाईक धजेना. शेठनं डोकं चालवलं. पूजा कंपनीच्या खर्चानं, भटजी कंपनीचा, आणि किल्ली प्रसादाबरोबर हातात. लोकांना ते इतकं आवडलं की कंपनीचा रिवाजच पडला. चारची चाळीस घरं झाली, मग कॉलनी, मग आणखी एक. गोजराबाई उरलेल्या मळ्यातली फुलं पूजेला पुरवून सुखी.

निवृत्ती पहिल्या घरापासूनचा सुतार. राहायचा वस्तीत, पत्र्याच्या खोलीत. त्याचा बाप सहादू तिसाव्या साली काळारामाच्या दारात सत्याग्रहाला उभा राहून डोकं फोडून घेऊन आलेला. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्याच बापानं घरातले देव टोपलीत भरून गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडले. टोपली निवृत्तीच्या डोक्यावर होती.

ब्याऐंशी साली कंपनीनं बैठ्या घरांची स्कीम काढली, तेव्हा निवृत्तीनंही एक घर घेतलं. हप्ते मजुरीतून कापून गेले. खरेदीखतही झालं. वस्तीतली खोली सोडतो म्हणून त्यानं घरमालकाला सांगून टाकलं. राहिली फक्त किल्ली.

ती आणायला तो ऑफिसात गेला, तर तिथला कारकून मोतीराम म्हणाला, "गुरुवारी सकाळी या जोडीनं. वहिनींना चांगलं लुगडं नेसून आणा. फोटो असतो."

"फोटो काढा की. पूजा नको."

मोतीरामनं पेन खाली ठेवलं आणि आत जाऊन शेठला बोलावून आणलं.

शेठ काही वाईट माणूस नव्हता, आणि तीच खरी अडचण. त्यानं निवृत्तीला खुर्ची दिली, चहा मागवला. "निवृत्ती, मी काय म्हणतो, अर्धा तास बसायचं. मनात काय म्हणायचं ते म्हण. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

"अरे, तुझ्या भल्याचं सांगतो. शेजारी सगळ्या जातीचे लोक आहेत. फोटोत बसलास की कुणी काही विचारणार नाही. दारावर नुसतं निवृत्ती लिही. आडनावाची गरज काय?"

आता कळलं. पूजा देवासाठी नव्हतीच. पूजा झाकण होती. पगारे नावाच्या माणसाला शेठ घर विकू शकत होता, पण विकलं हे भिंतीवर दिसू देऊ शकत नव्हता. आणि हे सगळं वर उपकार म्हणून.

"शेठ," निवृत्ती म्हणाला, "माझ्या बापाला देवळात येऊ देत नव्हते. आता मला पूजेतून उठू देत नाय. तुमचं एकदा काय ते ठरवा."

शेठचा चहा तसाच राहिला. "रिवाज मोडणार नाही," तो म्हणाला. "बसशील त्या दिवशी किल्ली घेऊन जा."

घरी यशोदाबाईनं सगळं ऐकून घेतलं. सामानाच्या गाठोड्यावर बसली होती ती. वस्तीतल्या खोलीत नवा भाडेकरू परवा येणार होता.

"निघताना मोतीराम म्हणत होता, अर्ध्या तासानं काय झिजतं," निवृत्ती म्हणाला. तिचं मन बघायचं होतं त्याला.

"मग मोतीरामला बसवा पाटावर, त्याच्या बायकोसंगं," ती म्हणाली. "मामंजींनी देव गंगेत सोडले ते काय घर मिळावं म्हणून? पुन्हा असलं इचारू नका मला. चला, गाडी बघा."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता हातगाडी कॉलनीत शिरली. चोरासारखं पहाटे नाही, सगळी कॉलनी दारात उभी असताना. गोजराबाई पाटी घेऊन पूजेची फुलं द्यायला आलेली. तिनं हातगाडीवरचा स्टोव्ह पाहिला, दाराला कुलूप पाहिलं.

"काय रे निवृत्ती, किल्ली कुठंय?"

"शेठच्या चौरंगावर."

"मग आत कसा जाशील? खिडकीतून?"

"खिडकीतून कशाला? दार मी बसवलंय, मावशी."

त्यानं पिशवीतून पेचकस काढला. दाराला धक्का लावला नाही. कडीचे आणि कोयंड्याचे स्क्रू एकेक करून सोडवले. शेवटचा जरा अडला, त्याला पटाशीचा हलका ठोका दिला. कडी, कोयंडा आणि त्यात अडकलेलं बंद कुलूप, सगळं एकसंध त्याच्या हातात आलं. यशोदाबाईनं दार ढकललं. आत जाऊन तिनं आधी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो कोनाड्यात ठेवला, मेणबत्ती लावली. दोघांनी वंदना म्हटली, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मग तो तसाच ऑफिसात गेला आणि कडीकोयंड्यासकट ते कुलूप शेठच्या टेबलावर ठेवलं.

शेठ रागावला की देवळ्याची बोली तोंडात यायची. "हाई चोरी शे," तो म्हणाला.

"चोर माल घरपोच आणून देतो व्हय? घर माझं, दार माझ्या हातचं. कुलूप तेवढं तुमचं, ते घ्या. किल्ली पण ठेवा. जोडी राहू द्या."

मोतीराम हसू दाबायला खोकला. शेठनं त्याच्याकडे बघितलं, मग निवृत्तीकडे.

"उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"मीही तेच सांगाय आलो होतो."

असं म्हणायला आलेला नव्हता तो. अकरा वर्षांचं काम होतं, आणि पुढं काय ते ठाऊक नव्हतं. पण ते शेठला कळू द्यायचं कारण नव्हतं.

रस्त्यात त्यानं नवं कुलूप घेतलं. घरी आल्यावर सागाची एक फळी रंध्यानं गुळगुळीत केली आणि तीवर अक्षरं कोरायला बसला. समोरच्या घरातल्या लताबाई, शाळेतल्या बाई, कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"एवढी मोठी पाटी?" त्या म्हणाल्या.

"आडनाव रस्त्यावरनं वाचता आलं पायजे, बाई," निवृत्ती म्हणाला, आणि 'प'वर पटाशी टेकवली.