होणाऱ्या सासऱ्यांचं माणिक

हसणार असाल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या लॅबमधल्या एकाच्या नाकातून चहा आला होता.

तेव्हा मोबाइलला बटणं होती आणि मला अक्कल नव्हती. खारघरला पीएचडी करत होतो. विषय काय, तर रक्तात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडायचे आणि वरून अल्ट्रासाउंड लावायचा. बुडबुडे थरथरतात, शेजारच्या पेशीच्या भिंतीला क्षणभर बारीक भोक पडतं, औषध आत शिरतं, भोक बुजतं. पेशी जिवंतच! हे मी रिक्षावाल्यांनासुद्धा ऐकवायचो, त्यांनी न विचारता.

त्यातच पनवेलच्या मीनलचं स्थळ आलं. मुलगी मला बघताक्षणी आवडली, तिलाही मी चालणार होतो. त्यांच्या शास्त्रीबुवांनी पत्रिका 'उत्तम' म्हणून जुळवून दिली. आता फक्त तिच्या वडिलांचा होकार बाकी होता. त्यांचं चष्म्याचं दुकान. म्हणाले, "या एकदा दुकानात, निवांत बोलू."

गेलो. चहा आला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे हो, पण बुडबुड्यांवर संसार चालतो का?"

झालं, मला चेव चढला. काउंटरवर चष्मे धुवायचं यंत्र होतं. त्यातही अल्ट्रासाउंडच.

"दाखवतोच तुम्हाला, काका. ती अंगठी द्या."

बोटात भलंथोरलं लालबुंद माणिक होतं. काका घुटमळले. "शास्त्रीबुवांनी दिलंय. हे घातल्यापासून दुकान चाललंय."

"निर्धास्त द्या. जिवंत पेशीला धक्का लागत नाही, हा तर दगड."

अंगठी पाण्यात सोडली, बटण दाबलं. यंत्र गुणगुणायला लागलं, आणि त्याहून जोरात मी. भिंत कशी उघडते, औषध आत कसं जातं... मी छताकडे बघत बोलत होतो. काका पाण्याकडे बघत होते. पाणी गुलाबी झालं होतं.

गव्हाणहून आलेली एक म्हातारी कोळीण स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "शेठ, माजा चष्मा नको टाकू त्यात. रंग लागंल."

यंत्र बंद केलं. अंगठी वर आली, खडा तळाशीच राहिला. खडीसाखरेसारखा पांढरा.

काकांचा चेहराही त्याच रंगाचा. "म्हणजे शास्त्रीबुवांनी मला रंगवलेली काच दिली?"

खरं उत्तर 'हो' होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात काका म्हणाले, "जो माणूस काच माणिक म्हणून गळ्यात मारतो, त्याने जुळवलेल्या पत्रिकेवर मी पोरगी कशी देऊ?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? इतक्या वर्षांचं शिक्षण एकीकडे, मीनल एकीकडे.

"छे छे, काका! माणिक अस्सलच आहे. तुमच्यावर काहीतरी मोठं संकट येणार होतं, ते त्याने स्वतःवर घेतलं. म्हणून तर पांढरं पडलं. शास्त्रीबुवा थोर माणूस. आमचंच शास्त्र अजून कच्चं आहे."

काकांनी खडा तळहातावर घेतला, कपाळाला लावला. डोळ्यांत पाणी. "तुम्ही शिकलेले असून हे मानता? असा जावई भाग्याने मिळतो."

संध्याकाळी होकार आला.

लग्नात सासऱ्यांनी माझ्या बोटात नीलमाची अंगठी घातली. नीलम अर्थात शास्त्रीबुवांकडूनच आणलेला.

पुढे मी डॉक्टरेट मिळवली, सर झालो. लॅबमधली नवी पोरं अजून विचारतात, "सर, अल्ट्रासाउंडच्या पाण्यात हात घालण्याआधी तुम्ही अंगठी का काढून ठेवता?"

मी सांगतो, "नीलम अस्सल आहे रे, जपावा लागतो."