स्वप्नात मराठी बोलण्याची तयारी

माझा धाकटा भाऊ वरुणराव तंजावर-पापनाशम बसवर कंडक्टर आहे. गेल्या वर्षी त्यानं ड्यूटीवर मधूनच स्वतःचं नाक चिमटीत धरायला सुरुवात केली. खरं कारण आगारात कळलं असतं तर त्याला थेट डॉक्टरकडे पाठवलं असतं, म्हणून ते त्यानं फक्त मला सांगितलं. मी त्याची थोरली बहीण वसुमती, निवृत्त शिक्षिका. वेडेपणा शांतपणे ऐकून घ्यायची मला नोकरीपासूनच सवय आहे.

आमची आई चंद्रमती दोन वर्षांपूर्वी गेली. ती जन्मभर वरुणशी मराठी बोलली आणि तो तिला तमिळमध्ये उत्तरं देत राहिला. पिढ्यान् पिढ्या तंजावरकडे राहिलेल्या आमच्या मराठी घरांत याचं कुणाला नवल नाही. पोरांना कळतं सगळं, तोंड उघडलं की तमिळ. पण वरुण लहानपणी छान बोलायचा. मग पुण्याहून कोणी सोयरे आले, आमची मराठी ऐकून खो खो हसले, आणि वरुणला त्याचंच एक वाक्य चारचौघांत पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. पाहुणे दोन दिवसांनी परत गेले. वरुणची मराठीही त्यांच्याबरोबर गेली.

आई रोज विचारायची, "जेवलास की रे?" हा म्हणायचा, "साप्टेन." म्हणजे जेवलो. शेवटच्या आजारात ती मला म्हणाली, "वरुण माझ्यासंगें आपल्या भाषेंत कधीं बोललाच नाही, बघ." भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तितक्याच सहज. वरुण इडलीचा डबा घेऊन दारातच उभा होता. मी पाहिलं, तिनं पाहिलं नाही.

आता ती त्याच्या स्वप्नात येते, जेवलास की विचारते, आणि हा गाढव तिथंही "साप्टेन" म्हणतो. जाग आली की दिवसभर तोंड पाडून तिकिटं फाडतो. तिला एकदा तरी मराठीत उत्तर द्यायचं, एवढंच त्याला हवं होतं. पण त्यासाठी स्वप्नात असतानाच हे स्वप्न आहे हे कळायला हवं. फोनवर त्याला त्याचा उपाय सापडला. दिवसा अधूनमधून स्वतःला विचारायचं, हे स्वप्न तर नाही? मग नाक दाबून श्वास घ्यायचा. जागेपणी घेता येत नाही, स्वप्नात येतो. सवय मुरली की झोपेतही हात आपोआप नाकाकडे जातो म्हणे.

दुसरा उपाय होता पहाटे उठून थोडं बसायचं आणि पुन्हा झोपायचं. पहाटे उठून पुन्हा झोपणारा कंडक्टर नोकरीत फार दिवस टिकत नाही. राहिली दुपारची झोप. तीत त्याची बायको अखिला दळण, गॅस आणि मुलीची ट्यूशन बसवत असे. उरलेल्या वेळात त्यानं आईला भेटायचं.

नाकाचा व्हायचा तो परिणाम झालाच. पापनाशमला सरोजा नावाची मासळीवाली टोपली घेऊन चढली आणि तिला तिकीट देता देता ह्यानं नाक दाबलं. भर बसमध्ये तिनं त्याला फैलावर घेतलं. "माझ्या मासळीला नाक धरतोस? याच टोपलीनं माझी दोन पोरं शिकवली!" घाबरून ह्यानं सगळं खरं सांगून टाकलं. बस ऐकत होती. सरोजा टोपली पायाशी सरकवत म्हणाली, "आई भेटणार असेल तर धर बाबा." पुढे ती चढली की स्वतःच आठवण करून द्यायची.

माझ्याकडे शिकवणी लागली. संध्याकाळी येऊन तो वाक्य घोकायचा, "हो आई, जेवलों. तू जेवलीस?" चाळिशी उलटलेला माणूस, मिशा आहेत, पण "जेवलीस"पाशी त्याचा आवाज लहान मुलासारखा व्हायचा. कुणी हसत नाही ना, म्हणून आधी खिडकीकडे बघायचा. त्या पुणेकरांचा मला इतक्या वर्षांनी पुन्हा संताप आला.

गेल्या महिन्यात एका दुपारी तो धापा टाकत आला. आई बसमध्ये पुढच्या सीटवर बसली होती. ह्यानं तिकीट पुढे केलं तर म्हणाली, "जेवलास की रे?" हात नाकाकडे गेला, आणि दाबलेल्या नाकातून श्वास सुरळीत आत आला. म्हणजे स्वप्न! ह्यानं बसचा दांडा घट्ट धरला आणि सगळं वाक्य न अडखळता म्हटलं.

"मग? आई काय म्हणाली?"

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग घरात ज्या भाषेत ती त्याच्याशी कधी एक शब्द बोलली नव्हती, त्या तमिळमध्ये काळजीनं म्हणाली, "एन्डा, उडंबु सरियिल्लैया?" का रे, बरं नाही का तुला? आणि कपाळावर हात ठेवून ताप बघू लागली. तेवढ्यात अखिलानं दळणासाठी उठवलं.

मी हसले, पोट धरून हसले. हसता हसता रडू आलं, ते मी पदरानं पुसलं. माझ्या स्वप्नात ती येत नाही, आणि मला त्याचा हेवा वाटला.

हे सगळं त्यानं तमिळमध्ये सांगितलं होतं. मग तो पायरीवर बसला, खिडकीकडे न बघता मराठीत म्हणाला, "अक्का, पण तिला ऐकूं आलं असेल की?"

"ऐकू आलं म्हणूनच तर ताप बघितला," मी म्हटलं.