बोटीवरून दिसलेलं गाव

लंडनच्या पिकॅडिली लाइनची गाडी बोगद्यातून बाहेर उजेडात आली की डब्यातले सगळे फोन एकदम जागे होतात. त्या दिवशी माझाही झाला. निखिलचा मेसेज होता, इंग्रजीत, दोनच ओळींचा. वसुधाकाकू त्या आठवड्यात त्याच्याकडे, आपल्या मुलाकडे, कार्डिफला गेल्या होत्या. आई सकाळी झोपेतच गेली, तुला आधी सांगावंसं वाटलं... खिडकीबाहेर घरांच्या मागच्या बागा सरकत होत्या, दोरीवरचे कपडे, एक लाल घसरगुंडी. माझं स्टेशन कधी मागे गेलं ते मला कळलं नाही. शेवटच्या स्टेशनावर उतरून मी उलट गाडी पकडली. काकूंना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "बरं झालं, तेवढीच जास्तीची सफर!"

वसुधाकाकू हाउन्सलोतल्या त्या घराच्या मालकीणबाई, ज्याच्या वरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्यानं राहिले. मी मूळची करमाळ्याची. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे इंजिनिअर होऊन विमानतळाजवळच्या मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरीला आले, तेव्हा आमच्या गल्लीनं जो आनंद केला तो माझ्या खांद्यांवर ओझ्यासारखा बसला होता. इथं आल्यावर तोंड उघडायची भीती वाटे. पहिल्या दिवशी काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे जरा तिरपं पाहिलं आणि म्हणाल्या, "कानांवरून चांगली मुलगी दिसतेस." मी गोंधळले. मग त्यांनीच समजावलं. त्यांच्या डोळ्यांतला मधला पडदा खराब होत चालला होता. ज्याच्याकडे बघावं ते मधोमध पुसलं जाई, कडा तेवढ्या उरत. "चेहरा धुक्यात जातो गं, कान राहतात. आता सगळं जग मी कानांवरून ओळखते." आणि स्वतःच खळखळून हसल्या.

काकू पुण्याच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि क्रॉयडनच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग बोर्डवर आयुष्य काढलं. घरांचे नकाशे त्यांच्या बोटांत होते. पण त्यांच्या मनात एकच गाव होतं, आणि तेही त्यांनी कधी न पाहिलेलं. म्हणजे पाहिलेलं, पण बोटीवरून. निखिल लहान असताना काका-काकू ग्रीसला सुट्टीवर गेले होते. एका बेटाहून दुसऱ्या बेटाला जाताना बोट मध्ये सिरोस नावाच्या बेटाला लागली. समोर त्या बेटाची राजधानी, एर्मूपोली. दोन टेकड्यांवर शेंड्यापर्यंत चढलेली घरं, दोन्ही शेंड्यांवर एकेक चर्च, आणि खाली पाण्यात त्या सगळ्याची थरथरती सावली. काकूंनी काकांचा हात धरला, "उतरू या ना." काका म्हणाले, "पुढच्या वेळी." बोट सुटली. ती पुढची वेळ आलीच नाही. आधी घराचे हप्ते, मग निखिलची शाळा, मग काकांचं आजारपण... काका गेले आणि गाव तसंच बोटीवरून दिसत राहिलं.

रविवारी भाजी निवडताना त्या मला त्या गावाची गोष्ट सांगत. दोनेकशे वर्षांपूर्वी तिथं एका टेकडीवर जुनी वस्ती होती, खाली नुसता ओसाड किनारा. मग लढाई पेटली, शेजारची बेटं जळाली आणि माणसं होड्यांत बसून या किनाऱ्याला लागली. अंगावरच्या कपड्यांनिशी. आधी झोपड्या झाल्या. "आणि मग काय बांधलं माहितीये? देऊळ, दवाखाना आणि शाळा." शाळा म्हणताना त्या हमखास मेथीची जुडी माझ्याकडे रोखत. पुढं तिथं व्यापार वाढला, जहाजं बांधली जाऊ लागली, संगमरवराचा चौक झाला, थिएटर झालं, कप्तानांनी थेट लाटांवर वाकून बघणारी घरं बांधली. नंतर दुसरं बंदर मोठं झालं, या गावाचा व्यापार ओसरला. पाडून नवं बांधायला कुणाला निकड उरली नाही, म्हणून जुनं बरंचसं तसंच राहिलं. ऐकताना मला वाटे, या काकू त्या लोकांची गोष्ट सांगताहेत की माझी...

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी, आता कडाही जातील, असं सांगितलं. त्याच संध्याकाळी काकूंनी कार्डिफला निखिलला फोन लावला आणि आपण सिरोसला जाणार असल्याचं सांगितलं. निखिल तिथल्या हॉस्पिटलात काम करतो, इकडेच वाढल्यामुळे मराठी मोडकंतोडकं बोलतो. फोन स्पीकरवर होता.

"आई, तू कशाला जाते? तुझा डोळा चांगली नाही. काय दिसणार तुला? इट्स अ वेस्ट!"

"वेस्ट तर वेस्ट. अश्विनी येतेय बरोबर."

मला कुणी विचारलंच नव्हतं. पण माझा व्हिसा येईपर्यंत काकूंनी बॅग तीनदा भरून रिकामी केली होती. नाही कसं म्हणणार?

बोट एर्मूपोलीच्या बंदरात शिरली तेव्हा सकाळचं ऊन नुकतं पसरत होतं. काकू कठड्याशी उभ्या होत्या, पदर वाऱ्यावर. प्रवासाला त्या मुद्दाम साडी नेसल्या होत्या, पहिल्या वेळी नेसल्या होत्या म्हणून. "आलं बघ," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मोकळ्या समुद्राकडे होता. गाव मागे होतं... मी त्यांचे खांदे धरून हळूच त्यांना वळवलं. खूप वेळ त्या बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काही दिसत नाही गं. नुसतं पांढरं. दुधात पाणी घातल्यासारखं." त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं त्याहून नजर कितीतरी जास्त गेली होती. एवढ्या वर्षांनी काकू त्या गावात उतरल्या, आणि गाव पुन्हा दूरच राहिलं. तो दिवस त्या हॉटेलच्या खिडकीत बसून होत्या. "निखिल बरोबर म्हणत होता," एवढंच एकदा बोलल्या.

दुसऱ्या दिवशी मीच ओढून त्यांना चौकात नेलं. समोर टाऊन हॉल, त्याला खालपासून वरपर्यंत रुंद संगमरवरी पायऱ्या. चौकाची फरशीही संगमरवराची, लोकांच्या चालण्यानं घासून लख्ख झालेली, वर पाणी शिंपडल्यासारखी चमक. आणि मी काय केलं, तर चौकाच्या कडेला चपला काढल्या. विचार करून नव्हे. समोर असा दगड आणि अशा पायऱ्या दिसल्या की आमच्याकडे पाय आपोआप चपलेतून बाहेर येतात. दोन पावलं गेल्यावर माझं मलाच कळलं, आणि कानशिलं तापली. ती सरकारी कचेरी होती!

"काय गं, थांबलीस का?" काकूंनी विचारलं.

"काही नाही... चुकून चपला काढल्या. देवीच्या देवळासारखं वाटलं."

 काकूंनी वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. कॉफीच्या दुकानातली बाई लांबून इंग्रजीत ओरडली, "आत्ता ठीक आहे, दुपारी पाय भाजतील हं!" काकूंनी तिला हात केला आणि पाऊल टाकलं. मग दुसरं. पहिल्या पायरीवर त्या थबकल्या. तळवा डावीकडे नेला, उजवीकडे नेला.

"अश्विनी, ही मध्ये खोलगट झालीय. कडेला कोरी आहे, धार लागते. म्हणजे लोक मधूनच चढतात. कचेरीत कामाला येणारे. सावकाश येतात..." पुढच्या पायरीवर, "इथं दगड बदललाय. नवा बसवलाय, बघ, नीट बसवलाय." त्यांचा आवाज बदलला होता. ड्रॉइंग बोर्डपाशी बसल्यावर त्यांचा आवाज असाच होत असणार. "आता मला वरचं सांग. बाल्कन्या कशावर टेकल्यात?"

मी इंग्रजी शब्द आठवू लागले. कॉर्निस, ब्रॅकेट, अडखळले. "त्या पुस्तकी शब्दांना काय करायचंय! करमाळ्यात कसं म्हणशील?"

मी वर पाहिलं. "दीपमाळेला दिवे ठेवायला दगडाचे हात निघालेले असतात ना, काकू, तसे हात आहेत बाल्कनीखाली. संगमरवराचे. त्यांवर वेलबुट्टी."

"दिसलं," काकू म्हणाल्या.

मग ते दिवस कसे गेले, ते आज आठवताना सगळं एकाच लांब सकाळसारखं वाटतं. आम्ही अनवाणी गाव फिरत होतो. ऊन वाढलं की गल्लीच्या सावलीच्या बाजूनं. काकू पायांनी गाव वाचत आणि मी त्यांना वरचं सांगे. दारावरच्या हाताच्या आकाराच्या पितळी कड्या, कोनाड्यातल्या तसबिरी, एका उघड्या दारातून दिसलेलं रंगवलेलं छत. कप्तानांच्या घरांपाशी पायऱ्या पाण्यात उतरत. शेवटच्या ओल्या पायरीवर काकू पाय सोडून बसल्या. घोट्याला लाटा लागत होत्या. बंदरातून एक बोट भोंगा देऊन सुटली. "जाऊ दे," त्या बोटीच्या दिशेनं म्हणाल्या, "या वेळी आम्ही उतरलोय."

हाउन्सलोला परतल्यावर बॅग आत न्यायच्या आधीच त्यांनी दाराबाहेर बूट काढले आणि उंबऱ्यापुढच्या दगडी पायरीवर उभ्या राहिल्या. "अगं, ही पण झिजलीय की! इतकी वर्षं राहिले, कधी कळलंच नाही." त्यानंतर रोज संध्याकाळी, थंडी असली तरी, त्या थोडा वेळ तिथं अनवाणी उभ्या राहत. शेजारच्यांना त्याची सवय झाली होती.

गेल्या शनिवारी निखिल घर आवरायला आला. खोकी गाडीत चढवून झाली, तरी तो निघेना. दाराशी किल्ल्या हलवत उभा राहिला.

"अश्विनी, खरं सांग. मी तिला नको जा बोललो होतो. तिला दिसला का तो गाव?"

मला लांबलचक काही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "बूट काढ."

तो बघत राहिला. मग त्यानं बूट काढले, मोजे काढले आणि पायरीवर पाय ठेवला. दगड गार होता, तो शहारला. काही क्षण तसाच उभा. मग त्याचा तळवा आपसूक डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि मधल्या खळग्यात येऊन थांबला. त्यानं डोळे मिटले.

"इथे... खाली उतरतं," तो म्हणाला.

 त्याचे बूट हातात धरून मी दारात उभी राहिले, त्याला हवं तेवढा वेळ.